घर चाकावर, रेंज वाऱ्यावर : ऊसतोडीला गेलेल्यांचा ओटीपी अडकतो कुठं?

 राज्यात 2025 मध्ये 1 नोव्हेंबरपासून गाळपाला परवानगी मिळाली आणि दिवाळी आटोपताच शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, केज, धारूर, वडवणी, परळी या तालुक्यांतल्या वाड्या-तांड्यांवरून टोळ्या बाहेर पडल्या. कोणी कोल्हापूर-सांगलीला गेलं, कोणी सातारा-पुण्याकडं, कोणी सोलापूरला, तर कोणी थेट कर्नाटकात बेळगाव-बागलकोटला. ट्रॉलीत ताडपत्र्या, बांबू, चटया, ज्वारी-बाजरीची पोती, हंडे-कळश्या, एखादी शेळी आणि लेकरं. गेल्या काही वर्षांत या सामानात अशी एक वस्तू वाढली, जिच्यावाचून आता सरकारदरबारी पान हलत नाही. ती म्हणजे मोबाइल.

अडचण एवढीच, की मोबाइल सोबत गेला पण रेंज गावाकडंच राहिली.

राज्य सरकारनं 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. झोपायची, स्वयंपाकाची, शौचालयाची सोय असलेली गाडी घेऊन फिरणाऱ्या पर्यटकांसाठी जागोजागी वीज-पाणी असलेले तळ उभे राहावेत, हा त्यामागचा विचार. कल्पना वाईट नाही. पण घर सोबत घेऊन फिरणारी माणसं महाराष्ट्रात काही 2021 मध्ये जन्मली नाहीत. ऊसतोड मजुरांचे अंदाज 10 लाखांपासून 15 लाखांपर्यंत सांगितले जातात, आणि त्यात बीडचा वाटा सगळ्यात मोठा मानला जातो. दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जाणारे मेंढपाळ वेगळेच. त्यांचा तर मुक्कामही दर एक-दोन दिवसांनी हलतो. धोरणाच्या भाषेत हे 'स्थलांतरित'. खरं पाहिलं तर चाकावरचा संसार यांचाच.

अमेरिकेत निवृत्त जोडपी किंवा कॉम्प्युटरवर काम करणारी तरुण मंडळी मोठ्या मोटारघरात वर्ष-वर्ष फिरतात. 'आरव्ही' म्हणतात त्या गाडीला. त्यांचाही मुक्कामावर पोचल्यावरचा पहिला प्रश्न हाच असतो, की इथं नेट चालंल का? त्यांनी काढलेला तोडगा सरळ आहे. एकाच कंपनीवर विसंबायचं नाही. दोन-तीन कंपन्यांची सिमं ठेवायची, गाडीच्या टपावर अँटेना लावायचा, आणि 2022 पासून स्टारलिंकची सॅटेलाइट डिशही त्यांना मिळू लागली. खिशात पैसा असला की प्रश्न बराचसा सुटतो. आपल्याकडं एका कोयत्यामागं, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीमागं, कित्येकदा एकच स्मार्टफोन असतो. त्यावर रात्री लेकरं व्हिडिओ बघतात, नवरा मुकादमाशी बोलतो, आणि बायकोचा नंबर असलाच तर तो साध्या बटणाच्या फोनात.

आता या माणसांना नेट लागतं तरी कशाला, असं विचारणारेही भेटतात. पिक्चर बघायला नाही. लागतात ते सहा आकडे. ओटीपीचे.

दोन ओटीपी, एक फड

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचं उदाहरण घ्या. जुलै 2024 पासून महिन्याला 1500 रुपये. सप्टेंबर 2025 मध्ये या योजनेला ई-केवायसी सक्तीचं झालं आणि मुदत मिळाली दोन महिन्यांची, म्हणजे 18 नोव्हेंबरपर्यंत. त्याच सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीनं जमिनी खरडून गेल्या. माणसं पंचनाम्याच्या मागं होती. ऑक्टोबरात साइट अडकत होती, ओटीपी येत नव्हते, आणि जरा सुरळीत होईस्तोवर टोळ्या गाडीत बसल्या. पुढं मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढली. कागदावर ही मुदतवाढ सगळ्यांना सारखीच. पण गावात राहिलेल्या बाईसाठी ती दीड महिन्याची सवड होती आणि फडातल्या बाईसाठी ऐन तोडणीचे दिवस.

या ई-केवायसीला एक नाही, दोन ओटीपी लागतात. आधी बाईच्या आधारचा आणि मग नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा. म्हणजे दोन्ही नंबर चालू हवेत, दोन्ही फोन चार्ज हवेत, दोन्हीला एकाच वेळी रेंज हवी, ज्या तिसऱ्या फोनवर साइट उघडलीय त्यावर नेट हवं, आणि हे सगळं ओटीपीची काही मिनिटांची मुदत संपायच्या आत जमायला हवं. पहाटे अंधारात कोयता हातात घेतलेली जोडी दुपारपर्यंत फडातच असते. गाडी भरेपर्यंत हात मोकळा होत नाही. सायंकाळी कोपीवर आलं की चूल, पाणी, जनावरं. रात्री आठला वेळ मिळतो तेव्हा फोनची बॅटरी मेलेली असते.

त्यातून मूळ गोम वेगळीच. बाईचं आधार कोणत्या नंबराला जोडलंय? आधार काढलं तेव्हा घरात जो फोन होता त्याला. कधी दिराचा, कधी भावाचा, कधी नवऱ्याचा जुना नंबर, जो केव्हाच बंद पडलाय. मग दिराचा फोन गावी आणि बाई कोल्हापुरात. फोन करून ओटीपी विचारायचा, दिरानं तो वाचून दाखवायचा, तोवर वेळ संपायचा. पुन्हा पहिल्यापासून.

इथं एक विचित्र गोष्ट घडते. एकीकडं बँका आणि पोलीस सांगतात, ओटीपी कोणालाही सांगू नका. दुसरीकडं सरकारी योजनेची रचनाच अशी, की या घरांना ओटीपी फोनवर सांगितल्याशिवाय लाभ मिळत नाही. दर महिन्या-दोन महिन्याला कोणीतरी फोन करून आकडे विचारतं आणि ते सांगायची सवय लागते. चोराला याहून सोपं काय पाहिजे? पैसे गेले तर 1930 या नंबरावर लगेच फोन करा, असं सांगितलं जातं. पण पैसे गेल्याचा मेसेज दिसायलाही रेंज लागते, हा भाग राहतोच.

नवरा वारलेल्या बायांची अडचण तर आणखी वेगळी. नवराही नाही, वडीलही नाहीत, मग दुसरा ओटीपी आणायचा कुठून? मुदत वाढवताना यावर तोडगा निघाला, की स्वतःची ई-केवायसी करून मृत्यूचा दाखला अंगणवाडी सेविकेकडं द्यायचा. सेविका गावात, दाखल्याची बाई फडात.

एकट्या लाडकी बहीणचीच ही गत नाही. टोळीतल्या कितीतरी जणांची गावाकडं दोन-चार एकर कोरडवाहू आहे. पीएम किसानच्या हप्त्याला ई-केवायसी लागते. अतिवृष्टीच्या अनुदानाला ज्यांचा फार्मर आयडी तयार नाही, त्यांना केंद्रावर जाऊन ई-केवायसी करावी लागते. यादीत नाव आलंय हेच मुळी व्हॉट्सॲप ग्रुपवर कळतं, आणि ग्रुपवरचा मेसेज फडात चार दिवसांनी उघडतो. रेशनचं त्यामानानं बरं आहे. 'एक देश एक रेशन कार्ड'मुळं जिथं आहे तिथल्या दुकानातून धान्य घेता येतं, आणि गावी राहिलेले म्हातारा-म्हातारी उरलेला वाटा तिथं उचलू शकतात. पण तिथंही ई-पॉस मशीनला रेंज पाहिजे. मशीन नुसतं फिरत राहिलं की त्या दिवसाची मजुरी बुडवून आलेला माणूस रिकामी पिशवी घेऊन कोपीवर जातो.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. काट्यावर गाडीचं वजन झालं की अनेक कारखान्यांकडून मेसेज जातो. तो शेतकऱ्याला जातो, वाहतूकदाराला जातो. तोडणीचा करार मुकादमाच्या नाहीतर वाहतूकदाराच्या नावावर असतो, म्हणून मोळी बांधणाऱ्याच्या फोनवर काही येत नाही. त्याचा हिशेब मुकादमाच्या वहीत. हंगाम सरल्यावर उचल फिटली की अंगावर राहिली, हे ती वही ठरवते. खेपेगणिक टनाचा आकडा टोळीतल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर आला, तर वहीशी ताडून बघता येईल. इंटरनेटचा खरा उपयोग या माणसांना कुठं आहे, तर इथं.

कोपीत रेंज का मिळत नाही

टॉवर उभा राहतो गावासाठी, बाजारासाठी, हायवेसाठी. कोप्या पडतात गावाबाहेर. ओढ्याच्या काठी, कॅनॉलच्या कडंला, कारखान्याच्या मागच्या मोकळ्या रानात. तिथं पाणी जवळ असतं आणि शेजारपाजारची कटकट नसते. पण अशी जागा बहुतेक सखल असते. टॉवर आणि कोपीच्या मधी उंचवटा आला की रेंज तिथंच अडते. म्हणून तर पोरं भरलेल्या ट्रॉलीवर चढून फोन लावतात. त्यात गंमत वाटते, पण शास्त्र बरोबर आहे. तीन-चार मीटर उंचीनंही फरक पडतो.

दुसरं कारण खुद्द ऊस. उभा ऊस माणसाच्या दुप्पट उंच, पानं दाट आणि दवानं ओली. ओला पाला मोबाइलच्या लहरी शोषून घेतो. फडाच्या मधोमध फोन बंद पडल्यासारखा होतो आणि बांधावर आलं की एकदम पाच-सहा मेसेज येऊन आदळतात, ते याचमुळं. काही ठिकाणी कोप्यांऐवजी पत्र्याच्या खोल्या असतात. ऊन-पावसाला त्या बऱ्या, पण पत्रा रेंजचा वैरी. आत शून्य आणि दारात दोन काड्या, असा अनुभव तिथं येतो.

तिसरं कारण कंपन्यांच्या लहरींचं. 700, 850, 900 मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, भिंतीतून-झाडीतून जरा जास्त शिरतात. 1800 आणि 2300 च्या त्याहून जवळ थांबतात. 5जी साठी जास्त करून वापरली जाणारी 3500 ची लहर तर आणखीच जवळ संपते. कारखान्याच्या गावात चौकात 5जी ची निशाणी दिसते आणि दोन किलोमीटरवर कोपीत फोन नुसता टॉवर शोधत राहतो. टॉवर शोधत राहिलेला फोन बॅटरी खातो. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन 5जी बंद करून 4जी वर ठेवलं तर बॅटरी जास्त पुरते. फडात काम चालू असताना सरळ विमानाच्या चिन्हाचं बटण दाबून ठेवावं आणि जेवणाच्या सुट्टीत बांधावर येऊन काढावं.

शेवटी लाइट. गावातली लाइट गेली की टॉवर बॅटरीवर चालतो, बॅटरी उतरली आणि जनरेटर लागला नाही तर बंद. आणि कोपीत तर लाइटच नाही. फोन चार्ज करायचा तर कारखान्याच्या गावातलं हॉटेल, पिठाची गिरणी, नाहीतर ओळखीच्या शेतकऱ्याची मोटारीची पेटी. शेतीपंपाची लाइट पाळीनं येते, तिथं रात्री फोन लावून ठेवायचा तर राखण करत बसावं लागतं. ट्रॅक्टरवाल्या टोळीला बॅटरीवरून चार्जिंग करता येतं. बैलगाडीवाल्याला ती सोय नाही. एक चांगली पॉवर बँक किंवा सोलरची छोटी प्लेट सोबत असली तर सिमच्या वादापेक्षा जास्त फायदा होतो. नेट नाही अशी तक्रार करणाऱ्यांपैकी कितीतरी जणांची खरी तक्रार चार्जिंगची असते.

नंबर जिवंत ठेवायचा कसा

एक गैरसमज आधी काढायला हवा. नेट नाही म्हणजे ओटीपी येणारच नाही, असं नसतं. ओटीपी साध्या मेसेजनं येतो. त्याला डेटा लागत नाही, बोलण्यापुरती रेंज आणि चालू रिचार्ज लागतो. त्यामुळं 28 दिवसांचा रोज दीड जीबीचा पॅक दोन्ही फोनवर मारायची गरज नाही. जुलै 2024 मध्ये मोठ्या कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा जिओचा असा पॅक 239 चा 299 झाला. बायकोच्या बटणाच्या फोनवर तो मारणं म्हणजे पैसा पाण्यात. ट्रायनं डिसेंबर 2024 मध्ये कंपन्यांना फक्त बोलणं आणि मेसेज एवढेच असलेले पॅक द्यायला लावले. जानेवारी 2025 मध्ये ते आले तेव्हा 84 दिवसांचा असा पॅक साडेचारशे-पावणेपाचशेच्या घरात होता. असे दोन रिचार्ज केले की 168 दिवस, म्हणजे जवळजवळ अख्खा हंगाम निघतो. दुकानदार हे पॅक स्वतःहून सांगत नाहीत. मागून घ्यावे लागतात.

रिचार्ज संपला की आधी जाणारे फोन बंद होतात, आणि काही दिवसांनी येणारे फोन-मेसेजही. तेव्हापासून ओटीपी बंद. 90 दिवस नंबर वापरलाच नाही आणि खात्यात 20 रुपयेही नसले तर नंबर कायमचा जाऊ शकतो. ऊसतोडीचा हंगाम 90 दिवसांपेक्षा मोठा आहे, हे इथं ध्यानात घ्या. गेलेला नंबर काही काळानं दुसऱ्याच माणसाला मिळतो. मग बाईच्या आधारचा ओटीपी कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या फोनवर वाजतो. गावी ठेवलेला 'आधारचा जुना नंबर' हा असा हातातून जातो, आणि ते कळतं थेट पैसे थांबल्यावर.

सिम कोणतं घ्यावं, या प्रश्नाला एक उत्तर नाही. गावाकडं ज्या कंपनीची रेंज चांगली, ती सांगली जिल्ह्यातल्या एखाद्या गावच्या शिवारात असेलच असं नाही. ट्रायच्या आदेशानं कंपन्यांना 2025 पासून आपापल्या वेबसाइटवर कुठं 2जी, 4जी, 5जी आहे याचे नकाशे टाकावे लागतात. निघायच्या आधी कारखान्याचं गाव त्यात बघून घेता येतं. पण नकाशा हिशेबावर काढलेला असतो; नकाशात हिरवं आणि कोपीत कोरडं, असं होऊ शकतं. त्यापेक्षा मागच्या हंगामात त्याच कारखान्याला गेलेल्या टोळीला विचारलेलं बरं. चिटबॉय कोणत्या कंपनीचं सिम वापरतो, हे विचारलं तर अर्धं उत्तर मिळतं. तो दिवसभर त्याच शिवारात फिरत असतो.

सगळ्यात सुरक्षित म्हणजे एकाच फोनात दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं. मोटारघरवाल्या अमेरिकनानं जे केलं तेच, फक्त स्वस्तात. एक कंपनी जिओ असली तर दुसरी 2जी चालवणारी असावी. जिओला 2जी नाही. 4जी तुटलं की तिथं बोलणं-मेसेज दोन्ही थांबतं. 2जी असलेल्या कंपनीवर नेट चाललं नाही तरी ओटीपी येऊन जातो. कर्नाटकात गेलेल्यांनीही हेच करावं. रोमिंगचे वेगळे पैसे आता नेहमीच्या पॅकमध्ये लागत नाहीत, पण रेंज कंपनीगणिक बदलते.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची तर 1900 वर पोर्टचा मेसेज पाठवला की कोड येतो. तो 4 दिवस चालतो. एकाच सर्कलमध्ये 3 कामाचे दिवस लागतात, दुसऱ्या सर्कलला 5. सध्याच्या कंपनीत 90 दिवस झालेले असावे लागतात, आणि सिम हरवून नवीन घेतलं असेल तर 7 दिवस पोर्ट होत नाही. मतलब, गाडी भरायच्या आदल्या दिवशी हे काम काढू नये. दसऱ्याच्या आत उरकावं. सिम मुकादमाच्या नाहीतर दुकानदाराच्या नावावर घेऊ नये, हे तर सांगायलाच नको. हरवलं तर ज्याच्या नावावर त्यालाच जावं लागतं. आपल्या नावावर कोणते नंबर चालू आहेत ते 'संचार साथी' पोर्टलवर दिसतं. आधारला कोणता नंबर आहे हे यूआयडीएआयच्या साइटवर आधार क्रमांक टाकून शेवटच्या 3 आकड्यांवरून ओळखता येतं.

जिवावरच्या प्रसंगाचं एक ध्यानात राहू द्या. फोनवर 'फक्त इमर्जन्सी कॉल' असं दिसत असेल तर 112 लावून बघावा. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून तो लागू शकतो. रात्री बाळंतपणाला किंवा साप चावल्यावर माणसं 108 लावत बसतात आणि लागत नाही म्हणून सोडून देतात. तेव्हा 112 आठवायला हवा.

आकाशातली डिश आणि जमिनीवरचा टॉवर

सरकारच्या पातळीवर हालचाल नाही असं म्हणता येणार नाही. 27 सप्टेंबर 2025 ला बीएसएनएलचं देशी 4जी सुरू झालं. 97,500 च्या आसपास टॉवरची घोषणा झाली. स्टारलिंकला केंद्राचा परवाना जून 2025 मध्ये मिळाला आणि नोव्हेंबरात महाराष्ट्र सरकारनं त्या कंपनीबरोबर इरादापत्रावर सह्या केल्या. त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव या जिल्ह्यांचं नाव आहे. शाळा, आरोग्य केंद्रं, सरकारी कार्यालयं जोडायची आहेत. बीड त्यात नाही, ही तक्रार राजकीय मंडळी करतीलच. पण मुद्दा त्याच्या पुढचा आहे. धाराशिवच्या शाळेवर डिश बसली तरी कोयता घेऊन कोल्हापूरला गेलेल्या धाराशिवच्या माणसाला तिचा काय उपयोग? आपल्या सगळ्या योजना माणूस एका जागी राहतो असं धरून चालतात. फिरणाऱ्याची रेंज ही त्याच्या गावची नव्हे, तर तो जातो त्या ठिकाणची गरज आहे.

त्यामानानं कमी गाजावाजा झालेली एक गोष्ट जास्त कामाची वाटते. केंद्रानं जानेवारी 2025 मध्ये, डिजिटल भारत निधीतून उभारलेल्या टॉवरवर एका कंपनीच्या ग्राहकाला दुसऱ्या कंपनीची रेंज वापरू देणारी सोय सुरू केली. असे 27 हजारांवर टॉवर आणि 35 हजारांवर गावं त्यात येतात असं सांगितलं गेलं. म्हणजे सिम कोणतंही असो, टॉवर आहे ना, मग लागलं पाहिजे. पण ही सोय फक्त सरकारी निधीतल्या टॉवरपुरती, आणि ते टॉवर दुर्गम भागात. ऊसपट्टा दुर्गम नाही. तिथं खासगी कंपन्यांचे टॉवर आहेत आणि प्रत्येकाचा आपापला. चक्रीवादळ आलं की दूरसंचार विभाग याच कंपन्यांना एकमेकांचे टॉवर खुले करायला लावतो आणि ते होतं. म्हणजे तांत्रिक अडचण नाही. गाळपाच्या पाच महिन्यांत कारखान्यांच्या परिसरापुरतं हे का करता येऊ नये, याचं उत्तर कंपन्यांनी द्यायचंय आणि विचारायचं काम खासदारांचं आहे.

याहून स्वस्त उपाय कारखान्याच्या गेटवर आहे. राज्यात 200 च्या आसपास कारखाने गाळप करतात. कारखान्याच्या ऑफिसात आणि काट्यावर इंटरनेट असतंच. गव्हाणीसमोरच्या रांगेत बैलगाड्या आणि ट्रॅक्टर तासन्‌तास उभे असतात. तिथं सार्वजनिक वायफाय लावायला पीएम-वाणी ही केंद्राची योजना डिसेंबर 2020 पासून आहे. लायसन लागत नाही, चहाच्या टपरीवालाही ते चालवू शकतो. अशा वायफायवाल्याकडून कंपन्यांनी घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त पैसे घेऊ नयेत, अशी मर्यादा ट्रायनं 2025 मध्ये घातली. त्याच जागी एक टेबल आणि आधारचं यंत्र आठवड्यातून एक दिवस बसलं, तर ई-केवायसीसाठी गावाकडं हेलपाटा मारायची वेळ येणार नाही.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न इथं तरी लागू होऊ नये. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागं 10 रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारनं घालायचे, असं ठरलेलं आहे. 5 लाख टन गाळणाऱ्या एका कारखान्याचे 50 लाख होतात, सरकारचे आणखी 50. त्यातून गेटवरचा वायफाय, चार्जिंगचं एक शेड आणि टेबलावरचा एक माणूस यांचा खर्च काढला तर तो सहज भागावा. ग्रामसेवकाकडून मिळणाऱ्या ऊसतोड कामगाराच्या ओळखपत्राची नोंद नीट असती, तर कोणत्या कारखान्यावर कुठल्या तालुक्याची किती माणसं आहेत हेही समोर आलं असतं आणि केवायसीच्या मुदती ठरवणाऱ्यांना ऑक्टोबर ते मार्च हा काळ टाळता आला असता.

मार्च-एप्रिलात पट्टा पडला की टोळ्या परततील. पावसाळ्याच्या तोंडावर मुकादम पुढच्या हंगामाची उचल घेऊन दारात येतील आणि दसरा झाला की पुन्हा गाड्या भरतील. मधले पाच-सहा महिने ही माणसं गावात असतात. आधारला मोबाइल नंबर केंद्रावर जोडून मिळतो आणि त्याला 75 रुपये लागतात. ते यंत्र प्रत्येक मोठ्या तांड्यावर दोन दिवस जरी बसलं, तरी बायांचे स्वतःचे नंबर त्यांच्या स्वतःच्या आधारला लागतील. असं शिबिर यंदा कोणकोणत्या तहसीलमध्ये धरलंय, हे विचारायला 1 मे ची ग्रामसभा आहे. त्या दिवसापर्यंत बहुतेक टोळ्या गावात आलेल्या असतात.